पैले चापट, मंग चौकशी

कडुबातात्या कुठलीही वस्तू मारल्याशिवाय वापरत नसे. रेडिओ लावायचा तर आधी त्याच्या पाठीत एक बुक्की. विहिरीवरची मोटार सुरू करायची तर आधी तिच्या डोक्यात एक. बंद वस्तूला तो मारायचा ती चालू व्हावी म्हणून, आणि चालू वस्तूला मारायचा ती बंद पडायचा विचार मनात आणू नये म्हणून. एसटी वेळेवर आली तरी चढण्याआधी तिच्या कुशीत एक ठेवून द्यायचा. आमच्या मार्गावरच्या गाड्यांच्या डाव्या अंगाला पंजाएवढा खळगा असायचा आणि त्या खळग्यावरून म्हातारी माणसं पाटी न वाचता आपली गाडी ओळखायची, हे मी शपथेवर सांगतो.

"पैले चापट, मंग चौकशी," हे त्याचं ब्रीद. कुणी कारण विचारलंच तर तो समजावून सांगायचा, "आधी चौकशी केली तं समोरचा तयारीत राहतो. मंग चापट वाया जाती."

आमचं गाव हसनाबादपासून हाकेच्या अंतरावर. हाक अर्थात कडुबातात्याची; दुसऱ्या कुणाची असली तर मध्ये दोन गावं लागतात. माणूस उंचीला बेताचा, पण आडवा. मान खांद्यांत बुडालेली, पंजे परातीएवढे. एकदा मक्यात रानडुक्कर शिरलं. लोक भाले, कुत्री घेऊन धावले, तोवर तात्यानं त्याच्या कानशिलात एक वाजवली होती. डुक्कर जागच्या जागी बसलं, थोडा विचार केला, आणि उठून आलं त्या वाटेनं परत गेलं. त्यानंतर डुकरांचे कळप तात्याच्या बांधापाशी आले की वळसा घालून जायचे आणि शेजाऱ्याचा मका खायचे. शेजारी मीच होतो, म्हणून मला हे पक्कं माहीत आहे.

आता हे सांगताना हसू येतं, पण त्याच्या हाताखाली सापडलेला माणूस हसत नसे. कुणाचा दात पडला होता, कुणाचा जबडा महिनाभर कोयत्यासारखा वाकडा राहिला होता. त्याच्या पाठीमागून तर कुणी जातच नसे. जायचंच असलं तर लांबून खाकरत, नाव सांगत जायचं: "तात्या, मी हाये बरं का, मारू नका." त्याची बायको यमुनाकाकू चहासुद्धा समोरून आणायची. फक्त सुमन, त्याची एकुलती लेक, मागून धावत येऊन गळ्यात पडायची. तिच्या बांगड्या त्याच्या पाठीला ओळखू यायच्या.

सुमनचं लग्न ठरलं राजूरकडच्या सांडूअण्णाच्या थोरल्या मुलाशी. सांडूअण्णा म्हणजे तात्याचीच दुसरी आवृत्ती, फक्त उंच आणि अबोल. दोघं पहिल्यांदा भेटले तेव्हा एकमेकांच्या हातांकडे पाहत बसले. पैलवान पैलवानाला पाहतो तसे.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून तात्याचं डोकं उघडं होतं. आमच्याकडे व्याहीभेटीला दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना फेटा बांधायचा आणि मग गळ्यात गळा घालायचा. तात्यानं अण्णांना केशरी फेटा बांधला. तिकडून मात्र फेटा आलाच नाही. कुणी म्हणालं, फेट्याचं गाठोडं जीपमध्ये राहिलंय, माणूस पाठवलाय. कुणी म्हणालं, वरबापाचे हात पोरीच्या बापाच्या डोक्याला लागत नसतात. तात्यानं दुसरं तेवढं ऐकलं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि तात्या मांडवाच्या मधल्या खांबाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "पाहून घ्या! पोरीच्या बापाचं बोडकं डोस्कं पाहून घ्या! पुन्हा पाहायला मिळायचं न्हाई!"

पुढं काय झालं याचे दोन गावांत दोन इतिहास आहेत. आमच्या गावचा असा: सांडूअण्णानं मागून येऊन तात्याच्या गळ्याला फास टाकला, म्हणून तात्यानं वळून हाणली. राजूरकडचा असा: तात्यानं काही कारण नसताना हाणली. चापट बसली, एवढं दोन्हीकडे मान्य. ती मी आचाऱ्याजवळ उभा राहून ऐकली. मला वाटलं वरणाचं पातेलं फुटलं. आचाऱ्याला वाटलं मांडव पडला. मांडवही पडला, पण तो नंतर.

कारण मग दोन्हीकडची वऱ्हाडं उठली. कुणी मांडवाचे खांब उपटले, कुणी खुर्च्या उचलल्या, ज्यांना काही मिळालं नाही त्यांनी झारे आणि उलथनी घेतली. नवरदेवाचा मामा ढोल फोडून आत गेला तो खांद्यापर्यंत, आणि बाहेर राहिलेल्या पायांनीच लाथा मारत राहिला. बँडवाल्यांनी आधी मध्यस्थी केली, मग मार खाल्ला, मग तेही आपापली वाद्यं घेऊन उतरले. पिपाणीवाल्यानं एकाला पिपाणीनं एवढं मारलं की ती पुढं फक्त दुःखाचे सूर काढायची. गरम वरण उडालं. लोक ओरडले. मांडव खाली आला आणि त्या कापडाखाली माणसं दिसेनात, नुसत्या बुक्क्या दिसायच्या, पोत्यात मांजरं कोंडल्यासारख्या.

कापड उचललं तेव्हा मात्र सगळ्यांचे हात खाली आले. मधल्या खांबापाशी सांडूअण्णा आडवा पडला होता. डाव्या कानातून रक्ताची धार गालावरून सदऱ्यात उतरत होती. तो कान पुन्हा कधी ऐकू आला नाही.

सुमनची पाठवणी झालीच नाही. मुंडावळ्या कपाळावर तशाच असताना तिला जीपमध्ये कोंबलं आणि जीप पळाली. मागून आमच्या गावच्या शहाण्यांनी दगड मारले. त्यातला एक मागची काच फोडून तिच्या मांडीवर जाऊन पडला.

या धुमाळीत एकट्या शूटिंगवाल्यानं काम थांबवलं नव्हतं. तो खुर्चीवर चढून उभा होता. खाली उतरायला जागाच नव्हती म्हणून कॅमेरा चालूच राहिला. त्यानं लग्नाच्या तीन व्हीसीडी तबकड्या करून आणून दिल्या, तर तात्या म्हणाला, "ह्या लग्नाचं तोंड मी पाहणार न्हाई." आणि त्या तिन्ही तबकड्या सुतळीला बांधून त्यानं ज्वारीत टांगल्या. उन्हात त्या चमकतात आणि कणसावर बसायला आलेली पाखरं बिचकतात. दोन हंगाम आमच्या शिवारातली पाखरं सुमनच्या लग्नाला भ्यायली.

त्या दोन वर्षांत सुमन माहेरी आली नाही. नागपंचमीला नाही, दिवाळीला नाही. तात्या तिचं नाव काढायचा नाही, पण एक मी पाहत होतो: रस्त्यावर बांगड्यांचा आवाज झाला की त्याची पाठ ताठ व्हायची. आणि मग दिवसभर जे हाताला लागेल ते मार खायचं.

मग राजूरकडून निरोप आला. सुमनला सातवा लागला होता. सांडूअण्णानं सांगून पाठवलं, "पहिलं बाळंतपण माहेरी, हे आम्हालाही कळतं. पर ज्याची चूक त्यानं इथं येऊन चारचौघांत हात जोडायचे, मंग पोरगी न्यायची. मी काय करत व्हतो ते शूटिंगात हाय. माझ्या तोंडानं मी सांगणार न्हाई."

"शूटिंगच दाखवतो!" तात्या गरजला. "माझ्या गळ्याला कसा फास लावला ते साऱ्या दुनियेला दिसू दे! मंग पाहू कोण हात जोडतो!"

यमुनाकाकू चुलीपुढून उठली सुद्धा नाही. "माझी पोरगी सासरी बाळंत झाली," ती म्हणाली, "तं ह्या घरातली चूल मी पायानं मोडीन. मंग बसा शूटिंग पाहात."

तात्याला जन्मात एकाच माणसाची भीती वाटायची, आणि ते माणूस आत्ता बोललं होतं.

आम्ही ज्वारीत गेलो. हळदीची तबकडी तडकली होती. पाठवणीची वाऱ्यानं कुठं गेली कुणास ठाऊक. पाठवणी नव्हतीच, म्हणून तबकडीही राहिली नसावी. मधली तेवढी सुतळीला लटकत होती, आणि ती अशी खरवडलेली की वाटावं कोंबड्यांनी तिच्यावर लग्न लावलं. तात्यानं ती राखेनं घासली, भांडी घासतात तशी. होते नव्हते ते चरे दुप्पट झाले. शूटिंगवाल्याकडे जाऊन पाहिलं, तर मूळ कॅसेटवर त्यानं कुणाचंतरी बारसं भरलं होतं. शूटिंगवाला जिवंत राहिला, कारण तात्याच्या मागं मी होतो आणि दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरून ठेवला होता.

मी एसटीनं जाऊन-येऊन जालन्याला बियाण्यांच्या दुकानात कामाला होतो. शहरात काम करतो म्हणजे यंत्रातलं सगळं कळतं, असा गावाचा समज होता आणि तो मोडायचं मला कारण नव्हतं. तेव्हा व्हीसीडी प्लेयर घ्यायला तात्यानं मलाच बरोबर घेतलं.

"हे पाहा बंडू," एसटीत तो मला म्हणाला, "बैल घेताना त्याच्यापुढं हिरवा चारा टाकायचा नसतो. हिरवा कोणताही बैल खातो. सडका कडबा टाकायचा. जो मान खाली घालून सडका कडबा खाईल, तो आपला. ह्या मशीनीचं बी तसंच."

पहिलं दुकान काचेचं होतं. टाय लावलेला विक्रेता रिमोट हातात घेऊन आवाज किती बाजूंनी घुमतो ते सांगू लागला.

"ते ऱ्हाऊ द्या," तात्यानं सदऱ्यातून तबकडी काढली. "हे खातो का, तेवढं सांगा."

विक्रेत्यानं ती तबकडी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. "काका, हे नाही चालणार. हेड खराब होईल."

"तुझं हेड खराब करू का?"

त्यानं घाईनं तबकडी आत सारली. पंगत दिसली, जिलेबी दिसली, आणि मग चित्र चौकोनाचौकोनांत फुटलं. तात्याचं नाक एका कोपऱ्यात, फेटेवाल्या पाहुण्याचं पोट दुसऱ्या कोपऱ्यात. खर्र आवाज झाला आणि मशीननं तबकडी ओकून टाकली. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. चापट बसली. मशीनचं झाकण उडून पंख्याला लागलं, पंखा विक्रेत्याच्या अंगावर झुकला, विक्रेता ओरडला, आतून मालक आला, मालकाचे दोन हमाल आले. तात्यानं विक्रेत्याला टायनं उचलून हमालांच्या अंगावर घातलं. मी सगळ्यांच्या पाया पडलो. ज्यांच्या पडायला नको होतं त्यांच्याही पडलो.

दुसऱ्या दुकानातलं मशीन महागडं होतं. त्यानं तबकडी आत घेतलीच नाही. तिसऱ्या दुकानाचं शटर आम्ही पोचायच्या आधीच खाली आलं होतं. चौथ्याचंही. बातमी आमच्यापुढं पळत होती. भर दुपारी बाजारात एक एक शटर खाली येत होतं आणि लोक विचारत होते, "बंद कोणी पुकारला?"

शेवटी बसस्टँडजवळ शब्बीरभाई सापडला. त्याला शटर नव्हतं म्हणून तो उघडा होता. बिननावाच्या चायना मशीनींचा ढीग, त्यातून लोंबणाऱ्या वायरी, आणि मध्ये स्टुलावर शब्बीरभाई, पान चघळत. त्यानं तबकडी पाहिली, तात्याला पाहिलं, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली.

"महंगा प्लेयर नखरेवाला रहता, तात्या. उसकू साफ डिस्क होना. मेरा माल गरीब है. भूखा है. पत्थर भी दिया तो खाता."

"चापट चालंल का?"

"बिलकुल नक्को! एक बार हाथ लगाया तो माल तुमारा, मैं तुमारा कुछ न्हाई लगता."

मशीननं तबकडी घेतली. घरघर झाली. पंगत आली, जिलेबी आली, चौकोन आले, आणि चित्र थांबलं. तात्याचा हात आपोआप वर जाऊ लागला. शब्बीरभाईनं तो हवेतच दोन्ही हातांनी धरला. जालन्यात त्या हाताला अडवणारा तो पहिला माणूस.

"रुको, तात्या. मशीन सोच रहा. सोचने दो."

आम्ही थांबलो. मशीन विचार करत राहिलं. आणि मग चौकोन एकेक करून जागेवर बसले.

तात्या खांबाशी उभा. उघडं डोकं. तोंडानं काहीतरी बडबडतोय. मागून सांडूअण्णा येतोय, चवड्यांवर, ओठ दाबून, शाळेतल्या पोरानं मास्तराच्या मागं यावं तसा हसत. त्याच्या दोन्ही हातांत लाल जरीकाठी फेटा. जीपमधलं गाठोडं आलं होतं. अण्णा शेजारच्या पाहुण्याला डोळ्यानं खुणावतो, गंमत पाहा म्हणतो, आणि मागूनच फेट्याचा पहिला वेढा तात्याच्या कपाळावर टाकतो. तात्याची मान खांद्यांत बुडालेली. वेढा कपाळावरून सटकतो आणि गळ्याशी येतो. तात्या वळतो. हात दिसतच नाही, नुसता फेटा दिसतो, हवेत सगळा उलगडलेला, लाल. मग त्यावरून पायच पाय.

शब्बीरभाईनं पान थुंकलं आणि हळूच म्हणाला, "हाथ साफ है तुमारा."

"पुन्हा लाव," तात्या म्हणाला.

पुन्हा लावलं. मशीननं पुन्हा विचार केला, पुन्हा तेच सांगितलं.

मग तात्याचा हात उठला. मशीनच्या वर, पार टपरीच्या पत्र्यापर्यंत. मी मनात म्हटलं, गेली तबकडी, गेला पुरावा, सुटलो. मी डोळे मिटले. आवाज झाला. बसस्टँडवरची कबुतरं उडाली. डोळे उघडून पाहतो तर मशीन जागेवर आणि तात्या स्टुलाखाली. त्यानं स्वतःच्याच डाव्या कानफटात मारून घेतली होती.

"लगा क्या?" शब्बीरभाईनं वाकून विचारलं.

तात्या तसाच खाली बसून होता. गाल हातात धरलेला, डोळ्यांत पाणी. माझ्याकडे पाहून तो पोरानं सांगावं तसं म्हणाला, "बंडू, लई लागती रे. लईच लागती."

सगळा तालुका मारून झाल्यावर ही बातमी त्याला आता कळली होती.

परतताना मशीन त्याच्या मांडीवर होतं. मी सुचवून पाहिलं, "तात्या, तबकडी मोडली म्हणून सांगू. नुसते हात जोडून पोरगी घेऊन येऊ."

"आन आपलं गाव काय म्हणंल? तात्यानं पोरीसाठी खोटं कबूल केलं म्हणंल. मंग बारशात पुन्हा काठ्या निघतील. न्हाई. दाखवायचं. दाखवून हात जोडायचे."

आम्ही राजूरकडं गेलो ते दुपारी. अण्णाच्या अंगणात त्यांची भावकी बसली होती आणि ज्याच्या त्याच्या घोंगडीखाली काठी होती. आमच्याबरोबर आलेल्यांच्या घोंगड्याही काही रिकाम्या नव्हत्या. दारात टीव्ही आणून ठेवला. वायरी मी जोडल्या. तेवढ्यात तात्यानं खांद्यावरचं उपरणं काढून माझ्यापुढं धरलं.

"हात बांध माझे."

"तात्या, लोक पाहून राह्यले."

"म्हणूनच बांध. घट बांध."

मी बांधले. तो अंगणाच्या मधोमध मांडी घालून बसला, बांधलेले हात मांडीवर ठेवून. सगळं अंगण चकित. सांडूअण्णा समोर बाजेवर, मान तिरपी, उजवा कान पुढं.

मशीन सुरू झालं. पंगत, जिलेबी, चौकोन. आणि तिथं जे अडकलं ते अडकलंच. मी मनात शब्बीरभाईचं म्हणणं घोकत होतो, विचार करू दे, विचार करू दे. पण अंगण विचार करायला तयार नव्हतं. मागून एकजण ओरडला, "मुद्दाम अडवलं! खोटी तबकडी आणली!" आमच्याकडून उत्तर गेलं, "तुझ्या बापानं अडवलं!" घोंगड्या हलल्या. एक काठी बाहेर आली. मग दुसरी. एकानं माझी गचांडी धरली आणि दुसऱ्यानं मला मारायला हात उगारला. तात्याच्या मनगटांवरचं उपरणं ताणलं गेलं, शिरा सुतळीसारख्या फुगल्या, कापड कुठंतरी टरकलं. पण तो उठला नाही. नुसता बसल्या जागी ओरडला, "अण्णा! तुमी मारा! मशीनला तुमीच मारा, माझे हात बांधलेले हायती!"

सांडूअण्णा उठला. उंच माणूस, त्याला उठायला वेळ लागला. दारापर्यंत आला आणि मशीनच्या डोक्यात एक ठेवून दिली.

चौकोन जागेवर बसले.

अण्णा चवड्यांवर आला. फेटा सटकला. हात गेला. लाल कापड उलगडलं.

आमच्या माणसांनी आपापल्या काठ्या हळूच घोंगडीखाली परत सारल्या. तात्या गुडघ्यांवर सरकत अण्णापुढं गेला आणि बांधलेले हात वर धरून खालमानेनं काहीतरी बोलला. एवढा मोठा आवाज, पण त्या दिवशी घशातच राहिला.

"काय म्हणतो?" अण्णानं विचारलं. "ह्या बाजूनं मला ऐकू येत न्हाई. तूच केलंस ते."

तात्या गुडघ्यांवरच वळसा घालून त्याच्या उजव्या अंगाला गेला. या खेपेला त्यानं पोटातून आवाज काढला, आणि ती माफी राजूरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या फुलवाल्यांनी ऐकली, असं तिकडचे लोक अजून सांगतात. "अण्णा, चुकलो! तुमी मान द्यायला आल्ता, मी कान घेतला! माझ्या पोरीला माझ्यापायी धरू नका!"

अण्णानं त्याला खालीवर पाहून घेतलं. मग म्हणाला, "तू काय म्हणत असतो रे सगळीकडं? पैले चापट, मंग चौकशी?"

"हौ."

"मंग चौकशी झाली. चापट राह्यली."

आणि त्यानं मारली. दोन वर्षं मुरलेली चापट होती ती. तात्या आडवा झाला, ओठ फुटला, एक दात अंगणात उडाला आणि कोंबडी धान्य समजून त्याच्यामागं धावली. आमच्या बाजूचं कुणी हललं नाही. तात्या उठून पुन्हा गुडघ्यांवर बसला, तोंडातलं रक्त गिळलं आणि मान पुढं केली.

अण्णानं आतून फेटा मागवला. तोच लाल, जरीकाठी. धुतला होता, पण पायांचे डाग गेले नव्हते. या खेपेला समोर उभा राहून, एकेक वेढा दाखवत त्यानं तो बांधला. आणि तात्या, जो अण्णाची चापट खाऊन रडला नव्हता, तो फेटा बांधून घेताना रडला.

एवढ्यात सुमन दारात आली. सातवा महिना, एका हातानं चौकट धरलेली. तिच्या दुसऱ्या हातात एक दगड होता. तो तिनं टीव्हीजवळ ठेवला.

"हा तुमच्या गावचा," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर पडला व्हता."

तात्यानं मान वर केली नाही.

"बाबा, मी त्या खांबाजवळच उभी व्हते. मामंजी फेटा घेऊन आलेले मी पाह्यले. तुमचा हात बी पाह्यला. दोन वर्षं दोन्ही गावं भांडून राह्यली, मशीनी आणून राह्यली. मला कुणी इचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. आमच्या गावानं नाही, त्यांच्या गावानं नाही. सांडूअण्णानं आपला चांगला कानसुद्धा दुसरीकडं वळवला.

शेवटी तीच पुढं आली. मागून आली. बांगड्या वाजल्या आणि तात्याची पाठ ताठ झाली. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले, फेटा सांभाळून. मग मनगटांकडं पाहून म्हणाली, "सोडू का?"

"घरी गेल्यावर सोड," तात्या म्हणाला. "रस्त्यात कुणी भेटलं तं."

तिला मुलगा झाला, आमच्या गावात, यमुनाकाकूच्या हाताखाली. बारशाला दोन्ही वऱ्हाडं आली आणि एकही काठी निघाली नाही. त्यानंतर तात्यानं माणसावर हात उचललेला मी पाहिला नाही. राग आला की तो दोन्ही पंजे बंडीच्या खिशात घालायचा आणि समोरच्याला म्हणायचा, "थांब. मशीन इचार करून राह्यलं." लोक थांबायचे. व्हीसीडी प्लेयर मात्र त्याच्या हातून सुटला नाही. त्याला रोज एक बसायची, आणि ते बिननावाचं चायना मशीन भावकीतल्या सगळ्या महागड्या मशीनींपेक्षा जास्त जगलं. तात्या त्यावर एकच तबकडी पाहायचा. चापट येण्याआधी बंद करायचा. अण्णा चवड्यांवर हसत येतोय तेवढंच पाहायचा.

तो गेला तो वावरात, दुपारी, बांधावर बसल्या बसल्या. अंगणात आंघोळ घालून त्याला टेकवून बसवलं होतं तेव्हा सांडूअण्णा आला. वय झालेलं, काठी टेकत. गर्दी बाजूला झाली. त्याच्या हातात तोच लाल फेटा होता. यमुनाकाकूनं पेटीतून काढून दिला होता. तात्याची पाठ त्याच्याकडं होती. समोर जायला जागा होती, पण अण्णा गेला नाही. त्यानं काठी माझ्याकडं दिली, चवड्यांवर दोन पावलं टाकली आणि मागूनच फेट्याचा पहिला वेढा तात्याच्या कपाळावर टाकला.

आम्ही सगळे सवयीनं मागं सरलो.

वेढा कपाळावरून सटकला, गळ्याशी आला. अण्णा थांबला. दोन्ही हातांत फेट्याची टोकं धरून तो तसाच उभा राहिला, वाट पाहत, चांगला गाल पुढं करून.

हात उठला नाही. तेव्हा कुठं अण्णा रडायला लागला.